बर्फाखालची भाजी: कंदमुळं हिवाळाभर टिकतात कशी, आणि त्यातलं आपण काय घ्यायचं

मैत्रिणींनो, परसबागेतली गाजरं, मुळे, बीट एकदम तयार होतात. आठवडाभर घरात तेच, शेजारीपाजारी तेच, बाजारातही तेच. भाव पडतो. आणि दोन महिन्यांनी त्याच बाजारात तीच भाजी आपण पैसे मोजून विकत आणतो. दरवर्षीचं हे गाऱ्हाणं आहे.

आता अशी जागा डोळ्यांसमोर आणा, जिथे दोन महिन्यांनी बाजारात भाजी विकतसुद्धा मिळायची नाही. जे काही घरात साठवलं असेल तेच खायचं, वसंतापर्यंत. अशी जागा आपल्याच देशात आहे. तिचं नाव लडाख. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या कंदमुळं साठवत आल्या आहेत. त्यांची रीत समजून घेतली, की आपल्या हळदीचं बेणं का सडतं आणि गाजर का मऊ पडतं हेही कळतं. म्हणून हा लेख.

पाच महिन्यांत वर्षाची बेगमी

लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. आपलं महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर. त्याच्या अडीचपट उंच म्हणा ना. पाऊस वर्षभरात १०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे एका जोरदार दिवसात पडतो तेवढा. शेती सगळी बर्फ वितळून आलेल्या ओढ्यांच्या पाण्यावर. हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली २० अंशांपर्यंत उतरतो. खिंडीत बर्फ साचलं की श्रीनगरकडून आणि मनालीकडून येणारे रस्ते बंद पडतात. विमानाने थोडी भाजी येते, पण ती महाग.

पेरायला मिळतात मे ते सप्टेंबर असे पाचच महिने. तेवढ्यात पिकवायचं आणि पुढचे सहा-सात महिने खायचं. त्यामुळे तिथल्या घरी बटाटा, सलगम, मुळा, गाजर या जमिनीखालच्या भाज्यांना फार मान. लडाखी भाषेत मुळ्याला ‘लाबुक’ म्हणतात आणि सलगमला ‘न्युंगमा’. ‘स्क्यू’ नावाचा त्यांचा रोजचा पदार्थ आहे. कणकेचे अंगठ्याने दाबलेले छोटे तुकडे आणि सलगम, गाजर, बटाटा एकत्र शिजवायचं. आपल्या वरणफळांची चुलत बहीणच म्हणायची. हिवाळ्यातला स्क्यू त्या साठवलेल्या कंदांवरच चालतो. साठा सडला तर ताटात नुसती कणीक उरते.

कंद म्हणजे झाडाची शिल्लक

आपण गटात दर महिन्याला बचत टाकतो, अडीअडचणीला काढतो. गाजर, बीट, सलगम, मुळा ही झाडंही तेच करतात. थंड हवेतली ही बहुतेक झाडं दोन वर्षं जगणारी आहेत. पहिल्या वर्षी पानांनी तयार केलेलं अन्न मुळात साठवतात. मग हिवाळा जातो. दुसऱ्या वर्षी त्याच शिल्लकीवर दांडा काढतात, फुलतात आणि बी धरतात. म्हणजे गाजर ही त्या झाडाने स्वतःच्या हिवाळ्यासाठी केलेली बचत आहे. आपण ती मधल्यामध्ये काढून खातो, एवढंच.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. काढलेलं गाजर मेलेलं नसतं. ते जिवंत असतं, श्वास घेत असतं आणि आतली साखर हळूहळू खर्च करत असतं. जितकी ऊब जास्त तितका श्वास जोरात आणि खर्च जास्त. थंडीत ठेवलं की खर्च मंदावतो. साठवणुकीची सगळी विद्या या एका वाक्यात आहे: कंद मरू द्यायचा नाही आणि जागाही होऊ द्यायचा नाही, झोपवून ठेवायचा.

थंडीने आणखी एक होतं. गारवा वाढला की गाजर आतल्या पिठूळ अन्नाची साखर करतं. साखरेचं पाणी साध्या पाण्यापेक्षा उशिरा गोठतं, म्हणून हा त्याचा स्वतःच्या बचावाचा उपाय. थंडी खाल्लेलं गाजर गोड लागतं ते यामुळे. जपानच्या निगाता भागात त्सुनान नावाचं गाव आहे. तिथे गाजरं मुद्दाम बर्फाखाली जमिनीतच ठेवतात आणि वसंतात उकरून विकतात. गोडीमुळेच त्यांचं नाव आहे.

पण थंडीलाही मर्यादा हवी. कंद पूर्ण गोठला की आतल्या पाण्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो आणि पेशी फाटतात. पुन्हा ऊब लागली की त्या कंदाचा चिखल होतो. म्हणजे थंडी हवी, पण गोठायला नको. एवढ्या बारीक रेषेवर तिथल्या बायकांना साठा सांभाळायचा असतो.

पेरतानाच साठवणुकीचा विचार

साठा टिकणं-न टिकणं निम्मं तर वाफ्यातच ठरतं. यातलं बरंचसं आपल्यालाही लागू आहे.

जमीन वीतभर नाही, चांगली फूटभर मोकळी करायची. खडे वेचायचे. शेणखत पूर्ण कुजलेलंच घालायचं. ताजं शेण घातलं की गाजराला फाटे फुटतात, केसाळ मुळं येतात, आणि फाटे फुटलेलं गाजर टिकत नाही.

लगेच खायचं पीक आणि साठवायचं पीक वेगवेगळ्या वेळी पेरायचं. लवकर पेरलेला मुळा, सलगम जून होतो, आत दशा धरतो, पोकळ पडतो. साठवायचा कंद ऐन थंडीच्या तोंडावर भरलेला हवा, पण जून झालेला नको.

विरळणी टाळायची नाही. रोपं उपटताना जीव तुटतो, कबूल. पण दोन गाजरांत दोन-तीन इंच जागा नसेल तर एकही धड भरत नाही, आणि बारीक कंद लवकर सुकतो.

काढणीच्या आधी पाणी कमी करत आणायचं. पाण्याने फुगलेला कंद चिरतो, आणि चिरेतून सड शिरते.

काढणी: घाई केली की साठा गेला

लडाखमध्ये सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, जमीन दगडासारखी व्हायच्या आत, कंद काढतात. सलगम-गाजराला थोडी हिवाळी झळ चालते, बटाट्याला बिलकूल चालत नाही. काढताना पाळायच्या गोष्टी अशा:

१. कोरड्या दिवशी काढा. ओढून नाही, खणून काढा. शेंडा तुटला की ती जखम झाली.

२. पाला लगेच उतरवा. पाला ठेवला तर पानं कंदातलं पाणी ओढत राहतात आणि दोन दिवसांत गाजर लुळं पडतं. पाला उतरवताना अर्धा-एक इंच देठ ठेवा, कंदाला सुरी लावू नका. बिटाचा पाला तर पिळूनच काढा, नाहीतर त्याचा रंग आणि रस गळतो.

३. धुवायचं नाही. हाताने माती झटका, बस. धुताना साल खरचटते आणि ओल राहते. बाजारात न्यायच्या दिवशी धुवा.

४. निवड करा. कापलेले, किडके, फाटे फुटलेले कंद आठ दिवसांत खाऊन संपवा, नाहीतर किसून वाळवा. साठ्यात फक्त धडधाकट कंद. एक सडका कंद शेजारच्या दहांना घेऊन जातो, हे आंब्याच्या आढीत आपण पाहतोच.

५. बटाटा मात्र लगेच साठवू नका. दहा-पंधरा दिवस अंधारात, हवेशीर जागी पसरा. त्याची साल जाड होते आणि बारीक जखमा भरतात. उजेडात ठेवला तर तो हिरवा पडतो. हिरवा बटाटा कडू आणि विषारी असतो, तो पोराबाळांच्या ताटात जाऊ देऊ नका.

उतरवलेला पालाही तिथे वाया जात नाही. सलगमची पानं उन्हात वाळवून हिवाळ्यात आमटीत घालतात. आपली मेथी, हरभऱ्याचा पाला आपण वाळवतोच की. मुळ्याचा पालाही तसाच वाळवून बघा.

खड्डा काय करतो?

आता मुख्य गोष्ट. लडाखमध्ये घराजवळ, किंवा घराच्या खालच्या भागात, जमिनीत खड्डा करतात आणि कंद त्यात ठेवतात. जागा उंचवट्याची, जिथे पाणी झिरपणार नाही अशी. तळाशी वाळू, नाहीतर वाळलेलं गवत. त्यावर कंदांचा थर, मग माती किंवा वाळू, पुन्हा कंद. गाजराला गाजर शक्यतो टेकू द्यायचं नाही, म्हणजे एक सडलं तरी दुसऱ्याला लागत नाही. वरून लाकडं, गवत आणि मातीचा जाड थर. हवेला एक वाट ठेवायची. लागेल तशी भाजी काढायची आणि तोंड पुन्हा बंद करायचं.

बाहेर शून्याखाली २० अंश असताना आतली भाजी गोठत का नाही? कारण माती ऊन आणि थंडी फार सावकाश आत सोडते. दिवसरात्रीचा फरक हात-दीड हाताच्या खाली पोहोचतच नाही. खोलवर मातीचं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ राहतं. विहिरीचं पाणी थंडीत कोमट आणि उन्हाळ्यात गार लागतं ना, त्याचं कारण हेच.

गंमत इथेच आहे. खड्डा थंडी तयार करत नाही, जमिनीत आहे तेच धरून ठेवतो. लेहची वर्षाची सरासरी १० अंशांच्या खाली, म्हणून तिथला खड्डा हिवाळ्यात शून्याच्या थोडा वर राहतो. गाजर, सलगम, बीट यांना नेमकं तेवढंच हवं असतं: शून्याच्या आसपास गारवा आणि भरपूर ओलावा. तसं मिळालं तर गाजर पाच-सहा महिने टिकतं.

आपल्याकडची वर्षाची सरासरी मात्र २५ अंशांच्या आसपास. तेव्हा ‘लडाखला जमतं तर आपणही खड्ड्यात गाजरं पुरू’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आपल्या खड्ड्यात गाजराला ऊबही मिळेल आणि ओलही. त्याला कोंब फुटतील, नाहीतर ते सडेल.

आपलं पेव आणि त्यांचा खड्डा

जमिनीत साठवणं आपल्यालाही नवं नाही. ज्वारीची पेवं आजी-पणजीच्या तोंडी ऐकलेली असतील. सांगलीजवळच्या हरिपूरला तर हळदीची पेवं प्रसिद्ध होती. वाळवलेली हळद त्यात वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यातली बरीचशी निकामी झाली.

पण फरक ओळखा. पेवात ठेवायचं ते पूर्ण वाळलेलं. तिथे ओल शत्रू. लडाखच्या खड्ड्यात ठेवायचं ते ताजं, जिवंत. तिथे कोरडेपणा शत्रू. ताज्या कंदाला पेवासारखं हवाबंद कोंडलं तर तो गुदमरून सडतो.

एक धोका मात्र दोन्हीकडे सारखाच आहे, आणि तो जिवावरचा आहे. बंद खड्ड्यात धान्य किंवा कंद श्वास घेतात, प्राणवायू संपतो आणि जड, घातक वायू तळाला साचतो. त्याला वास नसतो. म्हणून पेव उघडल्यावर बराच वेळ तसंच ठेवल्याशिवाय जाणती माणसं आत उतरत नसत. पेव असो, खोल खड्डा असो की जुनी कोरडी विहीर, एकटीने कधीही उतरू नका. कुणी आत बेशुद्ध पडलं तर त्याला काढायला लगेच दुसऱ्याने उतरू नये, मदत बोलवावी. एकाच्या मागे दुसरा असे जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. ही गोष्ट घरच्या पुरुषांना आणि मुलांनाही सांगा.

मग आपण काय करायचं?

प्रत्येक कंदाचा स्वभाव वेगळा आहे. सगळ्यांना एकच औषध चालत नाही.

गाजर, बीट, मुळा: यांना गारवा आणि ओलावा हवा. आपल्याकडे गारवा करायचा तो पाणी उडवून, माठासारखा. त्यासाठी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘शून्य ऊर्जा शीतकक्ष’ तयार केला आहे. त्याला वीज लागत नाही. सावलीत, वारं खेळतं अशा जागी विटांचा एक थर जमिनीवर मांडायचा. त्यावर साधारण साडेपाच फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि सव्वादोन फूट उंच अशी विटांची दुहेरी भिंत उभी करायची. दोन भिंतींत तीन इंच फट ठेवून ती वाळूने भरायची. वरून बांबू आणि गोणपाटाचं झाकण, त्यावर छप्पर. वाळू, विटा आणि गोणपाट सकाळ-संध्याकाळ भिजवायचं. भाजी क्रेटमध्ये ठेवायची, तळाला पाणी साचू द्यायचं नाही. एवढ्यात सुमारे १०० किलो माल मावतो आणि विटा ४०० च्या आसपास लागतात. हवा कोरडी तितका गारवा जास्त, म्हणून हा विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उत्तम चालतो, कोकणच्या दमट हवेत कमी. लडाखसारखे सहा महिने मिळणार नाहीत. पण तीन-चार दिवसांत लुळी पडणारी गाजरं जास्त दिवस ताठ राहतात, आणि तुम्हाला पुढच्या बाजारापर्यंत थांबता येतं.

रताळं, आलं, ओली हळद: ही उष्ण प्रदेशाची पोरं. यांना फार थंडी सोसत नाही. रताळं फ्रिजमध्ये ठेवलं तर आतून कडक होतं आणि चव जाते. यांना हवेशीर सावली बरी.

हळद-आल्याचं बेणं: इथे खरं नुकसान होतं. एकरी हळदीला साधारण १० क्विंटल बेणं लागतं. लागवडीतला हा मोठा खर्च. घरचं बेणं सडलं की ऐन मे-जूनमध्ये म्हणेल त्या भावाने आणावं लागतं, आणि बहुतेक वेळा कर्ज काढूनच. म्हणून बेण्याला निरोगी, न चिरलेले जेठे गड्डे वेगळे काढा. झाडाखाली किंवा शेडमध्ये, पाणी येणार नाही अशा जागी ढीग करा आणि हळदीच्या पाल्याने झाका. वर पाणी मारू नका. आल्याचं बेणं सावलीतल्या खड्ड्यात ठेवलं तर तळाला आणि मधून वाळू किंवा वाळलेला पाला घाला आणि तोंडाला हवेची वाट ठेवा. दोन्हीकडे दर पंधरवड्याला हात घालून बघा. ओलसर वास आला, बोट रुतलं, की तो गड्डा बाहेर. बीजप्रक्रियेचं औषध आणि प्रमाण कृषी सहाय्यकांना विचारूनच घ्या.

कांदा-बटाटा: दोघांना एकत्र ठेवू नका. कांद्याला कोरडी हवा लागते, बटाट्याला अंधार आणि थोडी ओल. आणि गाजरांजवळ सफरचंद किंवा पिकणारी फळं ठेवू नका. फळांतून निघणाऱ्या वायूने गाजर कडवट होतं.

बी धरायचं असेल तर

ज्यांना घरचं बी करायचंय त्यांच्यासाठी एक सूचना. नान्तेससारख्या नारिंगी, थंड जातीच्या गाजराला कडक हिवाळा मिळाल्याशिवाय फूल येत नाही. म्हणून त्याचं बी हिमाचलच्या कुलू खोऱ्यासारख्या थंड भागात तयार करतात. चांगले कंद हिवाळाभर सांभाळून वसंतात पुन्हा लावतात, मग दांडा येतो. आपल्या मैदानी गावात त्या जातीचं बी धरायचा खटाटोप वाया जाईल. ‘पुसा केसर’सारखी देशी धाटणीची लाल गाजरं आणि देशी मुळा मात्र आपल्या हवेत बी देतात. त्यातले सर्वांत सरळ, चवदार, उशिरा फुलणारे कंद बियाण्याला ठेवा. चांगलं ते आधी बाजारात आणि उरलंसुरलं बियाण्याला, हे उलटं गणित करू नका.

गटाने करून बघण्यासारखं

एकटीला शीतकक्ष परवडणार नाही, दहा जणींना परवडेल. पण आधी छोटी परीक्षा घ्या. एकाच दिवशी काढलेली १५ किलो गाजरं तीन वाट्यांत करा. पाच किलो उघड्यावर टोपलीत, पाच किलो ओलसर वाळूच्या माठात सावलीला, आणि पाच किलो ओल्या गोणपाटाखाली क्रेटमध्ये. दर तिसऱ्या दिवशी वजन करा. किती घटलं, किती सडलं, त्या दिवशी बाजारभाव काय होता, हे गटाच्या वहीत लिहा. समजा काढणीला १० रुपये किलो भाव होता आणि बारा दिवसांनी १८ झाला. पाच किलोतले चार किलो विकण्यासारखे राहिले तर ५० च्या जागी ७२ रुपये आले. तीनच किलो राहिले तर ५४, म्हणजे मेहनत फुकट. हा हिशेब हातात असेल तरच विटा-वाळूवर पैसे घालायचे की नाही हे बैठकीत ठरवता येतं.

लडाखच्या बायकांनीही हे गटाने केलं आहे. १९९१ पासून तिथे ‘विमेन्स अलायन्स ऑफ लडाख’ ही महिलांची संघटना स्थानिक शेती आणि स्थानिक अन्न टिकावं म्हणून काम करते. आज तिथल्या शेतकऱ्यांची भाजी सहकारी संस्थांमार्फत सैन्यालाही जाते. ज्या जमिनीवर पाच महिने पीक येतं, तिथे हे होऊ शकतं. आपल्याला तर बारा महिने आहेत. तेव्हा या हंगामात बेण्याच्या ढिगात हात घालून बघायचा वार आजच ठरवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा.